टाकीतली एकछत्री सत्ता

वाइनसाठी लागणारं कोरडं यीस्ट अर्ध्या किलोच्या चकचकीत पाकिटात येतं. सोबतच्या माहितीपत्रकावर बऱ्याच ओळी असतात. किती तापमानाला चालेल, किती टक्के अल्कोहोल सोसेल, नायट्रोजन किती लागेल. त्यांतच एक ओळ असते, 'किलर'. तिच्यापुढे 'पॉझिटिव्ह', 'सेन्सिटिव्ह' नाहीतर 'न्यूट्रल' असं छापलेलं. मी दिंडोरीकडच्या एका वाइनरीची प्रयोगशाळा सांभाळायचे, तेव्हा नवीन लागलेली पोरं ही ओळ वाचून हमखास विचारायची, "मॅडम, पिणाऱ्याला काही होत नाही ना?"

होत नाही. किलर यीस्ट मारतं ते दुसऱ्या यीस्टला. पेशीतून एक लहानसं प्रथिन बाहेर पडतं, भोवतालच्या रसात पसरतं आणि ज्या पेशीकडे त्याच्यावर उतारा नाही तिचा जीव घेतं. आंबट रसात, बेताच्या गारव्यात ते टिकतं. आपल्या अंगच्या उबेला ते निकामी होतं, आणि त्याला पकड घ्यायला लागणारी यीस्टची जाड भिंत आपल्या पेशींना नसतेच. पोरांची शंका एवढ्यावर मिटायची. मला पडलेला प्रश्न वेगळा होता. ज्या धंद्याला या विषाने आधी ताप दिला, त्याच धंद्यात एका पिढीच्या आत ते पाकिटावर गुण म्हणून कसं छापलं जाऊ लागलं? वाचत गेले तसं लक्षात आलं की विषाचा इतिहास म्हणजे धंद्याच्या एका जुन्या हौसेचाच इतिहास आहे. टाकीत एकाच यीस्टचं राज्य असावं, ही ती हौस.

यीस्ट म्हणजे काय हे कळायच्या कितीतरी आधीपासून युरोपातले बिअरवाले ते जपत आले होते. आपण कालच्या दह्यातलं चमचाभर विरजण आजच्या दुधाला लावतो, तसं ते आधीच्या घाण्यातलं यीस्ट काढून पुढच्या घाण्याला लावत. इंग्लंडात ते फेसाबरोबर वर येई, म्हणून वरून निपटून घेत. बव्हेरियाच्या गार तळघरांत ते खाली बसे, म्हणून तळाचा गाळ राखून ठेवत. या विरजणात एकच जात कधी नसे. चांगलं यीस्ट, वाह्यात यीस्ट, सोबतीला थोडे जिवाणू, असा सगळा गोतावळा पिढ्यान्‌पिढ्या एकत्र चाले. बहुतेक वेळा बिअर बरी उतरे. एखाद्या उन्हाळ्यात मात्र घाण्यामागून घाणा बिघडे आणि कारण कुणालाच सापडत नसे.

लुई पाश्चरने १८७६ मध्ये बिअरवर आख्खं पुस्तक लिहिलं आणि बिघाडाचा दोष मुख्यतः जिवाणूंवर ठेवला. कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एमिल क्रिश्चन हॅन्सनला ते पुरेसं वाटलं नाही. जिवाणू नसलेली बिअरही बिघडते, आणि तिथे गुन्हेगार यीस्टच असतं, असं त्याचं म्हणणं. त्याने कार्ल्सबर्गचं विरजण पातळ करत करत एकेक पेशी वेगळी केली आणि प्रत्येकीपासून वेगळी वस्ती वाढवली. त्या विरजणात त्याला चार प्रकार सापडले. चांगली बिअर त्यांतल्या एकाच प्रकाराने होत होती. १८८३ च्या नोव्हेंबरात त्या एका पेशीच्या वंशातलं यीस्ट कार्ल्सबर्गच्या जुन्या कारखान्यात प्रत्यक्ष उत्पादनाला लावलं गेलं. मालक जे. सी. जेकबसन आधी साशंक होता. फरक दिसल्यावर मात्र त्याने पद्धत दडवून ठेवली नाही, उलट यीस्टही दुसऱ्या ब्रुअऱ्यांना देऊ केलं. आज आपण 'प्युअर कल्चर' सहज म्हणतो, त्याची व्यापारी सुरुवात इथली.

इंग्रज ब्रुअर मात्र या शुद्धतेला चटकन वश झाले नाहीत. त्यांची मुरवलेली बिअर, म्हणजे एल, एकट्या यीस्टने हवी तशी उतरेना. का, ते कार्ल्सबर्गच्याच निल्स हेल्टे क्लॉसेनने १९०४ मध्ये उलगडून दाखवलं. मुख्य यीस्टचं काम आटोपल्यावर पिंपात एक दुसरं, संथ यीस्ट कामाला लागतं आणि इंग्लिश एलची खास चव त्याच्याकडून येते. क्लॉसेनने त्याचं नाव ठेवलं ब्रेटॅनोमायसीस, म्हणजे ब्रिटिश बुरशी. शुद्धतेच्या पंढरीत बसून एका माणसाने सांगितलं की काही चवींना दोघं लागतात. ब्रेटॅनोमायसीस हे नाव लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रुअऱ्या मोठ्या झाल्या, एकमेकींत विलीन झाल्या आणि इंग्लंडातही शुद्ध विरजण रुळत गेलं. साठच्या दशकात सलग किण्वनाची टूम निघाली. एका बाजूने गोड काढा आत, दुसऱ्या बाजूने बिअर बाहेर, आणि मधल्या टाकीत तेच यीस्ट आठवडेच्या आठवडे कामावर. घाणा संपवून टाकी धुण्याची भानगड नाही. हिशेबाच्या वहीत हे उत्तम दिसे. पण अशा टाकीतली प्रत्येक पेशी दुसरीची हुबेहूब जुळी असते. एकीचं मर्म सापडलं की सगळ्यांचं सापडलं.

हे मर्म प्रयोगशाळेत आधी दिसलं. १९६३ मध्ये द हेग इथे आनुवंशिकीची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिथे बेवन आणि मॅकोवर या दोघांनी बेकरी-ब्रुअरीतल्या नेहमीच्याच यीस्टबद्दल, म्हणजे सॅकरोमायसीस सेरेव्हिसीबद्दल, एक टिपण मांडलं. काही वाण दुसऱ्या वाणांना मारतात, काही मरतात, आणि काही मारतही नाहीत नि मरतही नाहीत. पाकिटावरचे पॉझिटिव्ह, सेन्सिटिव्ह आणि न्यूट्रल हे तीन शब्द म्हणजे त्या टिपणातलीच तीन घरं. 'किलर' हे नाव त्याआधी पंचवीसेक वर्षांपूर्वी ट्रेसी सोनबॉर्नने पॅरामिशियम या पाण्यातल्या एकपेशीय जिवासाठी वापरलं होतं. यीस्टवाल्यांनी ते उचललं.

पाच वर्षांनी, १९६८ मध्ये, वुड्स आणि बेवन यांनी मारणारी वस्तू प्रथिन असल्याचं दाखवलं. कोडं होतं ते वारशाचं. किलर आणि सेन्सिटिव्ह यांचा संकर केला आणि त्यातून चार बीजाणू घेतले, तर साध्या जनुकाच्या हिशेबाने दोन किलर निघायला हवेत. इथे चारही किलर निघत. म्हणजे गुण केंद्रकात नव्हता, पेशीद्रवात कुठेतरी होता. शिवाय तो घालवताही येई. १९७२ मध्ये जेराल्ड फिंक आणि स्टाइल्स यांनी सायक्लोहेक्झिमाइड नावाचं औषध देऊन किलर यीस्टचा हा गुण काढून टाकला. पुढे रीड विकनरने दाखवलं की नुसतं जास्त उष्णतेत वाढवलं तरी तो जातो. एखाद्या रोग्याचा ताप उतरावा तसं यीस्ट 'बरं' होई. म्हणून या प्रयोगांत शब्दही बरं होण्याचाच वापरला गेला.

रोग खराच होता. १९७३-७४ मध्ये बेवनच्या गटाने किलर पेशींत दुहेरी धाग्याचा आरएनए आणि त्याभोवती विषाणूसारखे कण दाखवले. पुढच्या कामातून चित्र पुरं झालं. यीस्टमध्ये एल-ए नावाचा एक विषाणू राहतो. त्याच्याबरोबर एम नावाचा आणखी लहान आरएनए असतो. त्याच्याकडे स्वतःचं कवचही नसतं, ते तो एल-एकडून घेतो. एमजवळ एकच कामाची गोष्ट असते, विषाची कृती. हे विषाणू पेशीबाहेर पडून कुणाला लागत नाहीत. कळी फुटून पेशी वाढली की लेकीकडे जातात, दोन पेशी जुळल्या की दुसरीकडे जातात, एवढाच त्यांचा प्रवास. ज्या पेशीत विष तयार होतं तिला त्या विषापासून संरक्षणही त्याच प्रथिनाच्या अर्धवट घडलेल्या रूपातून मिळतं. म्हणून यीस्टने विषाणू हरवला की हत्यारही गेलं आणि ढालही. असं उघडं पडलेलं यीस्ट शेजारच्या किलरच्या तोंडी जातं. विषाणूला सांभाळण्यातच यीस्टचं हित, अशी ही बांधाबांध आहे.

हे सगळं चालू असताना ब्रुअऱ्यांत घंटा वाजली. १९७३ मध्ये मॉल आणि थॉमस यांनी ब्रुअरीच्या यीस्टला मारणाऱ्या वाणांची नोंद ब्रिटनच्या ब्रुइंग संस्थेच्या नियतकालिकात छापली. सलग किण्वनाच्या टाकीत असं यीस्ट शेकडा दोन-तीन इतकं जरी शिरलं, तरी मूळ यीस्टचा ठावठिकाणा राहत नसे. पुढच्याच वर्षी जपानमधून बातमी आली की साकेच्या मुख्य घाण्यांतही किलर शिरतंय. १९७५ मध्ये फिलिस्कर्क आणि यंग यांनी ब्रिटनच्या राष्ट्रीय यीस्ट संग्रहातले साडेनऊशेच्या वर वाण तपासले, त्यांतले साठच्या आसपास किलर निघाले. त्यांत सॅकरोमायसीसशिवाय इतर वंशांचंही यीस्ट होतं. सोव्हिएत संघात नाउमोव्ह आणि नाउमोवा यांनी वाइनच्या यीस्टमध्ये वेगळाच किलर दाखवला. त्याचं विष पहिल्यासारखं नव्हतं, म्हणून पहिल्याला के-१ आणि याला के-२ म्हणू लागले. जर्मनीत फायफर आणि राडलर यांना वाइनच्या २८ क्रमांकाच्या वाणात तिसरं विष सापडलं, ते के-२८.

या विषांची मारण्याची तऱ्हा वेगवेगळी आहे. के-१ आधी यीस्टच्या भिंतीतल्या ग्लुकानला चिकटतं, मग आतल्या पटलाकडे सरकून तिथे भोकं पाडतं. त्या भोकांतून पेशीतलं पोटॅशियम आणि एटीपी गळून जातं, आणि पेशी रिकामी होऊन मरते. के-२८ जास्त कावेबाज आहे. ते पेशीच्या स्वतःच्या वाहतुकीतून उलट्या दिशेने आत शिरतं, थेट केंद्रकापर्यंत पोचतं आणि डीएनएची नक्कल थांबवतं. या दोन तऱ्हा उलगडायला कॅनडात हॉवर्ड बसी आणि जर्मनीत मान्फ्रेड श्मिट यांच्या गटांनी वर्षानुवर्षं खर्ची घातली.

प्रयोगशाळेत हे पाहायला मात्र फार काही लागत नाही. आगरमध्ये सायट्रेट बफर घालून पीएच साडेचारच्या आसपास आणायचा, चिमूटभर मिथिलीन ब्लू टाकायचं. आगर कोमट असतानाच त्यात संवेदनशील यीस्ट मिसळून प्लेट ओतायची. गोठली की वर लूपने संशयिताचा टिपका ठेवायचा आणि वीस-बावीस अंशाला दोन-तीन दिवस विसरून जायचं. संशयित किलर असेल तर टिपक्याभोवती एक स्वच्छ कडं उमटतं आणि कड्याच्या काठाला गडद निळी रेघ. जिवंत पेशी या रंगाला बिनरंगी करून टाकते. मेलेलीला ते जमत नाही, म्हणून ती निळी राहते. ती निळी रेघ म्हणजे प्रेतांची रांग. पोरांना मी बजावून ठेवायचे, इनक्युबेटर सवयीने तीस अंशावर ठेवू नका. तिथे कडं फिकं पडतं आणि खुनी निर्दोष सुटतो.

आता धंद्याने काय केलं ते पाहा. शत्रू ओळखू आल्यावर त्याच्यापासून बचाव करण्याऐवजी त्यालाच नोकरीला ठेवायचं ठरलं. जपानमध्ये ओउची आणि अकियामा यांनी १९७६ मध्ये साकेच्या यीस्टशी किलरचा वारंवार संकर केला. गुण पेशीद्रवातून येत असल्यामुळे पिढ्यांमागून पिढ्या केंद्रक साकेचंच भरत गेलं तरी किलरपणा कायम राहिला, आणि साकेची चवही गेली नाही. बिअरच्या यीस्टला असा संकर सहज जमत नाही, ते बीजाणू धरायला नाखूश असतं. म्हणून बर्मिंगहॅमच्या यंगने आणि नंतर इतरांनी दोन केंद्रकं एकत्र न येता नुसता पेशीद्रव मिसळावा, अशा युक्त्या लढवल्या. ब्रुअऱ्यांनी मात्र हे यीस्ट फारसं मनावर घेतलं नाही. सलग किण्वनच बहुतेकांनी गुंडाळलं, टाकी धुण्याची जुनी रीत परत आली आणि प्रश्नाची धार गेली.

वाइनवाल्यांना असली खटपटच करावी लागली नाही. द्राक्षांच्या तळघरांत के-२ किलर आपसूक सापडत होते आणि त्यांचं विष वाइनच्या जास्त आंबट रसातही चालतं. कोरडं यीस्ट पाकिटातून विकण्याचा धंदा नुकता वाढीला लागला होता. शॅम्पेन भागातून काढलेलं, जगभर खपणारं ईसी-१११८ किलर आहे, तशीच आणखी बरीच. दक्षिण आफ्रिकेतल्या एका तळघरात किण्वन अडकण्याचं कारण किलर यीस्ट आहे, असं व्हॅन वूरेन आणि विंगफील्ड यांनी १९८६ मध्ये लिहिलं. त्यानंतर तर पाकिटावर ती ओळ असणं विक्रेत्याच्या फायद्याचंच झालं. तुमच्या भिंतीवरच्या खुन्याला आमचा खुनी पुरेसा आहे, असा त्याचा अर्थ.

हाच माल नाशिकलाही आला. आपल्याकडे तोडणी जानेवारीपासून मार्चपर्यंत चालते, युरोपसारखी शरदात नाही. फेब्रुवारीच्या दुपारी क्रेट उतरतात तेव्हा बाहेर ऊन चांगलंच तापलेलं असतं आणि आत टाकीला गारवा सतत पुरवावा लागतो. चेनिन ब्लांची एखादी टाकी साखर पाच-सहा ब्रिक्सवर येऊन थबकली की सेलारमधला प्रत्येक जण किलरचं नाव घेई. मी प्लेट लावायचे. कधी कडं उमटे, बहुतेकदा उमटत नसे. कडं उमटलं तरी तेवढ्यावर गुन्हा सिद्ध होत नाही. रसातला नायट्रोजन कमी पडलेला असतो, रात्री वीज जाऊन गारवा तुटलेला असतो, यीस्ट जागं करताना पाणी जास्त गरम वापरलेलं असतं. शिवाय रस निवळायला घातलेली बेंटोनाइट माती आणि द्राक्षाच्या सालीतलं टॅनिन हे विष स्वतःला चिकटवून घेतात, हे राडलर आणि श्मिट यांनी १९८७ मध्येच दाखवलं होतं. लाल वाइनच्या टाकीत, सालींच्या गर्दीत, किलरची धार बरीच बोथट होते. खुनी सापडला की बाकी सगळ्यांचं हलगर्जीपण झाकलं जातं, एवढी त्याची सेलारमधली खरी लोकप्रियता.

धंद्याबाहेर या विषाने मोठी कामगिरी केली. किलर यीस्ट विष आधी लांबलचक प्रथिनाच्या रूपात तयार करतं आणि मग कापून उपयोगी तुकडे काढतं. १९७६ मध्ये लायबोविट्झ आणि विकनर यांना असे बदललेले वाण मिळाले की ज्यांच्यात विषाणू होता, पण विष बाहेर येत नव्हतं. त्यांच्यात बिघडलेल्या एका जनुकाचं नाव केईएक्स-२. ही त्या कापणाऱ्या कात्रीची कृती निघाली. १९८४ मध्ये जेरेमी थॉर्नर यांच्या गटाने ती वेगळी काढली आणि पाचेक वर्षांत लक्षात आलं की माणसाच्या पेशींत हिच्याच घराण्यातली फ्युरिन नावाची कात्री आहे. स्वादुपिंडात प्रोइन्सुलिन कापून इन्सुलिन करणाऱ्या कात्र्याही याच घराण्यातल्या. कोविडच्या विषाणूच्या काट्यावर जिथे फ्युरिन कापतं त्या जागेची चर्चा २०२० मध्ये घराघरांत पोचली. त्या कात्रीचा माग काढायची पहिली पायवाट यीस्टच्या आपसातल्या मारामारीतून गेली होती.

आणि या हत्याराची किंमत? ती २०११ मध्ये कळली. बऱ्याच बुरशांकडे आरएनए विषाणूंविरुद्ध स्वतःची यंत्रणा असते. दुहेरी धाग्याचा आरएनए दिसला की त्याचे तुकडे करायचे. आपल्या ब्रुअरीच्या यीस्टकडे ती नाही. ड्रिननबर्ग, फिंक आणि बार्टेल यांनी दुसऱ्या यीस्टकडून ती यंत्रणा उसनी आणून यात बसवली, तर किलर विषाणूच नाहीसा झाला. ज्या बुरशांमध्ये ही यंत्रणा हरवली आहे त्यांच्यातच हा आरएनए विषाणूवाला किलर सापडतो, हेही त्यांनी दाखवलं. चाळीसेक वर्षांपूर्वी औषधाने किलरपण उतरवणारा तो हाच फिंक. शेजाऱ्याला मारायचं विष हवं असेल तर घरात विषाणूला बिनशर्त राहू द्यावं लागतं, असा हा सौदा निघाला.

मग एकछत्री सत्ता मिळाली का? के-२ विष मारतं ते मुख्यतः संवेदनशील सॅकरोमायसीसला. द्राक्षाच्या सालीवरून येणारं लिंबाच्या आकाराचं हॅन्सेनियास्पोरा त्याला जुमानत नाही. वाइनला घोड्याच्या खोगिराचा वास आणणारं ब्रेटॅनोमायसीसही जुमानत नाही. क्लॉसेनने ज्याची थोरवी गायली तेच यीस्ट आता वाइनवाल्यांचा डोकेदुखीचा विषय आहे. त्याला आवरायला गंधकाचा धूर कमी करून दुसरं काही वापरता येईल का, म्हणून इटलीत कोमितिनी आणि चियानी यांच्या गटाने २००४ मध्ये पिकिया आणि क्लुइव्हरोमायसीस या यीस्टची विषं ब्रेटॅनोमायसीसवर चालवून पाहिली, आणि ती लागू पडली. दुसरीकडे बेल्जियमच्या काही ब्रुअऱ्या त्याच ब्रेटॅनोमायसीसला मानाने पिंपात बसवतात. शत्रू कोण हे टाकी ठरवत नाही, ती टाकी कुणाची हे ठरवतं.

म्हणून हल्ली कुणी मला पाकीट दाखवून विचारलं, "किलर घेऊ का?", तर मी आधी बाकीचा हिशेब मागते. टाकीत दुसरं कोणतं यीस्ट मुद्दाम सोडणार आहात का? सोडणार असाल आणि ते संवेदनशील सॅकरोमायसीस असेल, तर न्यूट्रल घ्या, नाहीतर पैसे देऊन आणलेल्या एकाला पैसे देऊन आणलेला दुसरा मारील. भीती ब्रेटॅनोमायसीसची असेल, तर ही ओळ तुमच्या कामाची नाही, पिंपं धुवा आणि गंधक मोजा. आणि टाकी नुसतीच थबकली असेल, तर प्लेट लावण्याआधी थर्मामीटर बघा.